टॉवरखालची जमीन : मोठ्या शहरांतल्या एएम स्टेशनांचं पुढे काय?

लघुलहरी

मेरीलँडमधल्या बेथेस्डाला मी राहायला आलो तेव्हा घरमालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "डावीकडे वळलात की टॉवरचं मैदान लागेल, संध्याकाळी तिकडे जात जा." आय-२७० आणि बेल्टवे हे दोन महामार्ग मिळतात, त्यांच्या कुशीत तो ७५ एकरांचा तुकडा होता. आपल्या हिशेबात ३,००० गुंठे. गुडघाभर गवत, कडेने झाडं आणि मधोमध चार टॉवर. १९४१ पासून तिथून डब्ल्यूएमएएल हे ६३० किलोहर्ट्झचं एएम, म्हणजे मध्यम लहरींचं, रेडिओ स्टेशन चालायचं. जागा खासगी, तरी आजूबाजूची माणसं कुत्र्यांना घेऊन तिथेच फिरायची. मीही बरीच वर्षं फिरलो.

मालक कंपनी क्युम्युलस मीडिया. तिने ती जमीन टोल ब्रदर्स या बांधकाम कंपनीला सुमारे ७ कोटी ४० लाख डॉलरना विकली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये चारही टॉवर पाडले. आता तिथे घरांची वसाहत आहे. स्टेशन बंद पडलं नाही, हेही सांगायला हवं. ते २०१८ मध्येच जर्मनटाउनला दुसऱ्या स्टेशनच्या टॉवरवर भाड्याने राहायला गेल्यासारखं गेलं होतं. जुने कार्यक्रम २०१९ पासून फक्त १०५.९ एफएमवर लागतात, ६३० चं नाव बदललं. एएमची रात्रीची शक्ती मात्र उतरली.

हा धागा काढण्याचं कारण वेगळं आहे. टॉवर पडल्यावर मी वाचायला लागलो आणि लक्षात आलं की हे एकट्या बेथेस्डाचं दुखणं नाही. न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, शिकागो, सगळीकडे हेच चाललं आहे. ही स्टेशनं १९२० ते १९५० च्या दरम्यान गावाबाहेरच्या स्वस्त जमिनीवर, दलदलीत, शेतांत उभी राहिली. पुढे गाव वाढत वाढत टॉवरच्या कुंपणाला भिडलं. आज कितीतरी ठिकाणी स्टेशनचा परवाना, यंत्रं, नाव आणि श्रोते या सगळ्यांच्या बेरजेपेक्षा टॉवरखालची माती महाग झाली आहे. म्हणजे स्टेशन चांगलं चालत असलं, तरी ते बंद करून जमीन विकणं हिशेबात जास्त फायद्याचं ठरतं. श्रोते कमी झाले हे खरंच आहे, पण श्रोते नसल्यामुळेच एएम संपतंय असं जे सरसकट बोललं जातं त्यात जमिनीचा हा भाग येतच नाही.

मला काळजी वाटते ती एका गोष्टीची. अशी जागा शहरात एकदा गेली की परत मिळत नाही. एफएमचा अँटेना उद्या दुसऱ्या इमारतीवर चढवता येईल. ७५ एकर परत कुठून आणणार?

तुमच्या शहरातल्या टॉवरांचं काय झालं, ते लिहा. तांत्रिक बाजू जाणणारे कुणी असतील तर त्यांनी जरूर भर घालावी.

मोगरा_७२

छान विषय. एक अगदी प्राथमिक प्रश्न. एफएमला इमारतीची गच्ची पुरते, मग एएमलाच एवढी जमीन कशाला? टॉवर उंच असतो हे दिसतं, पण त्याला फार तर एखादा गुंठा लागेल ना?

तांबडी_तार

मोगराताई, सगळी गोम तिथेच आहे. मी बावीस वर्षं ट्रान्समीटरच्या कामात घालवली, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

एफएमची लहर साधारण तीन मीटर लांब असते. तिचा अँटेना लहान, त्यामुळे तो एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या डोक्यावर बसतो. एएमची लहर शेकडो मीटर लांब. ६३० किलोहर्ट्झ म्हणजे सुमारे ४७६ मीटर. तिच्या चौथ्या भागाएवढा उंच टॉवर लागतो, म्हणजे जवळपास १२० मीटर. आणि या टॉवरवर अँटेना 'बसवलेला' नसतो, टॉवर स्वतःच अँटेना असतो. अख्खं लोखंड विजेने भारलेलं असतं, म्हणून ते चिनी मातीच्या इन्सुलेटरवर उभं करतात. भोवती कुंपण असतं ते याचसाठी. जमिनीवर उभं राहून चालू टॉवरला हात लावला तर माणूस भाजून निघेल.

आता जमिनीचं. टॉवर ही अँटेनाची अर्धी बाजू झाली. उरलेली अर्धी मातीत असते. टॉवरच्या पायापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या तांब्याच्या तारा चहूकडे पुरलेल्या असतात. प्रघात १२० तारांचा, आणि प्रत्येक तार लहरीच्या चौथ्या भागाइतकी लांब. लघुलहरींच्या ६३० चा हिशेब करा : १२० तारा गुणिले साधारण ११९ मीटर. एका टॉवरखाली चौदा किलोमीटर तांबं! ते वर्तुळ सुमारे ११ एकर भरतं. एकाच टॉवरचं. शेजारच्या शहरातल्या त्याच आकड्यावरच्या (म्हणजे त्याच फ्रिक्वेन्सीच्या) स्टेशनला त्रास होऊ नये म्हणून रात्री लहरी ठरावीक दिशेलाच पाठवायच्या असतील, तर तीन, चार, सहा टॉवर ठरावीक अंतरावर उभे करावे लागतात. मग ७५ एकर काही फार नाहीत.

तुम्ही ज्या गवतावरून फिरत होता, लघुलहरी, त्या गवताच्या वीतभर खाली तारांचं जाळं होतं. ते रानच रेडिओ होतं.

लघुलहरी

इतकी वर्षं चाललो आणि पायाखाली काय आहे याची कल्पना नव्हती. मनापासून आभार.

परसिपनीकर

न्यू जर्सीतून. आमच्याकडे मेडोलँड्सची दलदल आहे. टर्नपाइकवरून जाताना लव्हाळ्यांत उभे टॉवर दिसतात ते बहुतेक एएमचे. ओल्या, खारट मातीतून लहर लांब जाते म्हणून जुन्या लोकांनी मुद्दाम दलदल निवडली. डब्ल्यूएबीसी लोडायला, १०१० विन्स लिंडहर्स्टला. दलदलीत बांधकामाला परवानगी मिळणं कठीण असतं, म्हणून ही स्टेशनं थोडी तरी सुरक्षित आहेत असं मला वाटतं.

पण शहरात काय होतं याचं माझ्या पाहण्यातलं सगळ्यांत स्पष्ट उदाहरण क्वीन्समधल्या मॅस्पेथचं. तिथून १५६० किलोहर्ट्झवर ५० किलोवॅटचं स्टेशन चालायचं. या आकड्यावर एके काळी डब्ल्यूक्यूएक्सआरचं शास्त्रीय संगीत लागायचं, नंतर रेडिओ डिस्ने आलं. फॅमिली रेडिओ या धार्मिक संस्थेने ते स्टेशन डिस्नेकडून १ कोटी २९ लाख ५० हजार डॉलरना घेतलं आणि त्याचं नाव डब्ल्यूएफएमई झालं. काही वर्षांतच तिने टॉवरची जमीन गोदामं बांधणाऱ्या प्रोलॉजिस कंपनीला विकली. किंमत ५ कोटी १० लाख डॉलर. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथलं प्रसारण थांबलं.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. स्टेशन तेरा दशलक्षाला, त्याखालची माती एक्कावन्न दशलक्षाला. धाग्यात लघुलहरी जे म्हणतात ते याहून सोपं करून सांगता येणार नाही.

अजून एक लिहितो, ते जमिनीचं नाही. २६ ऑगस्ट २०२४ ला डब्ल्यूसीबीएस ८८० वरच्या बातम्या बंद झाल्या. १९६७ पासून सत्तावन्न वर्षं बातम्या देणारं स्टेशन. आकड्यावर आता खेळाचं स्टेशन आहे. मी १९९४ ला इथे आलो तेव्हा ट्रॅफिक आणि हवामान ऐकत ऐकत माझं इंग्रजी कान देऊन समजण्याइतकं झालं. शेवटच्या दिवशी गाडीत बसून ऐकलं. घरात येऊन बायकोला सांगताना आवाज जड झाला होता.

त्यांचा टॉवर ब्राँक्सजवळ हाय आयलंड नावाच्या इवल्याशा बेटावर आहे, डब्ल्यूएफएएन ६६० बरोबर सामाईक. १९६७ मध्ये बातम्यांचं स्टेशन सुरू होण्याच्या आदल्या दिवशी एक लहान विमान तिथल्या टॉवरवर आदळलं आणि टॉवर कोसळला. पहिल्या दिवसाच्या बातम्या त्यांना एफएमवरून द्याव्या लागल्या होत्या.

नवी_वीट

मी थोडी वेगळी बाजू मांडते. वाईट वाटून घेऊ नका.

मी लॉस एंजेलिसमध्ये राहते, नगररचनेच्या क्षेत्रात काम करते. केएबीसी ७९० चे टॉवर ला सिएनेगा बुलेव्हार्डवर होते. सुमारे दहा एकर. मालक तीच, क्युम्युलस. जमीन साडेबारा कोटी डॉलरना विकली गेली. आज तिथे तीस-एक मजल्यांचा मनोरा, शेकडो घरं, खाली किराणा दुकान, आणि समोर मेट्रोच्या ई लाइनचं (पूर्वीची एक्स्पो लाइन) स्थानक. स्टेशन दुसऱ्याच्या टॉवरवर गेलं आणि अजून चालू आहे.

या शहरात लोक गाडीत झोपतात. शिक्षिका, परिचारिका दोन-दोन तास प्रवास करून कामाला येतात. मेट्रो स्थानकासमोरची दहा एकर जागा तारा पुरून मोकळी ठेवायची की तिथे माणसं राहू द्यायची, हा प्रश्न मला विचारला तर मी घरांच्या बाजूने हात वर करीन. रेडिओवर माझंही प्रेम आहे. पण घर नसलेल्या माणसाला हा मुद्दा समजावून सांगणं मला जमणार नाही.

लघुलहरी

वाईट कशाला वाटेल? तुमच्यासारखं कुणी लिहावं अशीच इच्छा होती.

ला सिएनेगाच्या जागेबाबत तुमचं म्हणणं मला पटतं. स्थानकासमोर घरं हवीतच. माझा आक्षेप निर्णय कोण घेतं याला आहे. बेथेस्डात आसपासच्या लोकांनी सभा घेतल्या, पत्रं लिहिली, त्यांतली चर्चा वाहतूक, शाळा आणि झाडं यांची होती. घरांचा आराखडा नियोजन मंडळाकडे जातो. 'या शहराला संकटकाळात पोहोचणारं एक प्रसारण इथून जातं, ते गेल्यावर काय उरतं?' हा प्रश्न त्या टेबलावर कुणी ठेवतच नाही, कारण तो कुणाच्याच खात्यात येत नाही. संघीय दळणवळण आयोग, म्हणजे एफसीसी, परवाना बघतो. जमिनीशी त्याचा संबंध नाही. काउंटी, म्हणजे जिल्ह्याचं प्रशासन, जमीन बघते. रेडिओशी तिचा संबंध नाही. स्टेशन दोन्हींच्या मधून निसटतं.

परसिपनीकर

संकटकाळाचं निघालंच आहे तर. २०१२ ला सँडी वादळ आलं तेव्हा आमच्याकडे नऊ दिवस वीज नव्हती. फोन दुसऱ्या दिवशी मेले. गाडीतला एएम रेडिओ एवढंच बाहेरच्या जगाशी नातं होतं. पेट्रोल कुठल्या पंपावर मिळतंय, कुठला पूल उघडा आहे, सगळं त्यावर. कॉलनीतली सहा-सात घरं संध्याकाळी आमच्या ड्राइव्हवेत जमायची, मी दार उघडं ठेवून आवाज मोठा करायचो.

पण प्रामाणिकपणे दुसरी बाजूही लिहायला हवी. त्याच वादळात डब्ल्यूएनवायसीचं एएम ८२० बंद पडलं होतं, कारण त्याची जागा कर्नीच्या दलदलीत, आणि तिथे पाणी शिरलं. जी ओल लहरीला लांब नेते तीच पुरात घात करते. नुसतं 'एएम आहे म्हणजे आपण सुरक्षित' असं नाही.

तांबडी_तार

बरोबर. म्हणूनच फेमाने, म्हणजे संघीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेने, काही निवडक स्टेशनांना जनरेटर, इंधनाचा साठा आणि कडक निवारे करून दिले आहेत. अशी ७७ स्टेशनं देशभर आहेत आणि ती मिळून ९० टक्क्यांहून अधिक लोकसंख्येपर्यंत पोहोचतात. त्यांत मोठ्या एएमचा भरणा आहे, कारण एवढ्या थोड्या टॉवरांत एवढा देश झाकणं दुसऱ्या कशाला जमत नाही.

सप्टेंबर २०२४ चं हेलीन वादळ आठवा. नॉर्थ कॅरोलायनात ॲशव्हिलच्या डोंगरात मोबाइल बंद, इंटरनेट बंद, रस्ते वाहून गेलेले. तिथे लोक डब्ल्यूडब्ल्यूएनसी ५७० ला धरून राहिले. श्रोते फोन करून, जमेल तसा निरोप पाठवून नातेवाइकांची चौकशी करत होते आणि निवेदक तासन्‌तास बसून ते सांगत होते.

सांताक्लाराची_सून

बे एरियातून पहिल्यांदाच लिहिते आहे. माझा मुद्दा तांत्रिक नाही.

माझे सासरे सातारहून आमच्याकडे आले तेव्हा ७४ वर्षांचे होते. इंग्रजी समजायचं, पण टीव्ही त्यांना नकोसा व्हायचा. नवऱ्याने स्वयंपाकघरात जुना रेडिओ आणून ठेवला आणि ११७० वर 'देसी ११७०' लावून दिलं. त्या दिवसापासून घराला आवाज आला. हिंदी गाणी, गावातल्या वकिलांच्या आणि किराणा दुकानांच्या जाहिराती, कुणाच्या तरी गरब्याची तिकिटं. पुढे १५५० वर 'रेडिओ झिंदगी'ही ऐकायचे. आमच्या मंडळाने एका वर्षी दिवाळीच्या कार्यक्रमाची जाहिरात रेडिओवर दिली होती, ती लागली तेव्हा त्यांनी मला हाक मारून बोलावलं, "ये, आपलं सांगतायत!" फोनवर हवं ते गाणं मिळतं हे त्यांना ठाऊक होतं. पण फोनवर लावायला आधी काय हवं ते माहीत असावं लागतं. रेडिओ लावला की कुणीतरी बोलतंय, एवढं त्यांना पुरायचं.

हे लिहिते कारण आपल्या भाषांना एएमवर जागा मिळाली ती एएम स्वस्त झालं म्हणून. मोठ्या कंपन्यांनी जे आकडे सोडले, त्यांवर हिंदी, पंजाबी, व्हिएतनामी, कोरियन, स्पॅनिश लोकांनी तासाच्या भाड्याने कार्यक्रम सुरू केले. जमीन विकली की सर्वांत आधी हे भाडेकरू बाहेर पडणार. त्यांच्याकडे दुसरा टॉवर घ्यायला पैसे कुठून असणार?

सासरे गेले त्याला तीन वर्षं झाली. रेडिओ अजून तिथेच आहे.

मोगरा_७२

सून, तुझं लिहिणं वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. "ये, आपलं सांगतायत" हे लक्षात राहील. लिहीत राहा.

नवी_वीट

सांताक्लाराची_सून, हा कोन माझ्या डोक्यात नव्हता, आणि यायला हवा होता. आमच्या कामात एखादी वस्ती पाडायची तर भाडेकरूंचं पुनर्वसन कसं होणार हा पहिला प्रश्न असतो. टॉवरच्या जागेवर रेडिओच्या तासांचे भाडेकरू असतात हे आराखड्यात कुठेच दिसत नाही. माझं घरांबद्दलचं मत तेच आहे. पण विक्रीच्या पैशातला काही भाग स्टेशनला दुसऱ्या टॉवरवर नीट बसवण्यासाठी बाजूला काढावा, अशी अट घालता येते का, हे मी विचारून बघणार आहे. शाळेसाठी, बागेसाठी अशा अटी आम्ही घालतोच.

शॉमबर्गचा_सदू

शिकागोचं सांगतो. आमच्या बाजूला ब्लूमिंगडेलला डब्ल्यूएससीआर ६७० चा टॉवर होता. तीही जमीन विकली, आणि ६७० आता इटास्काला डब्ल्यूबीबीएम ७८० च्या टॉवरवर आलं. एकाच लोखंडातून दोन स्टेशनं. मी इटास्कावरून रोज कामाला जातो. एका टॉवरमधून दोन वेगळे आवाज कसे निघतात हे मला अजून उमगत नाही.

तांबडी_तार

सदूभाऊ, टॉवरच्या पायाशी एक खोली असते, तिच्यात गुंडाळ्या आणि कपॅसिटर यांची गाळणी असते. ६७० ची वीज ७८० च्या यंत्रात परत शिरू नये आणि ७८० ची ६७० च्या, एवढं ती बघते. वर टॉवरला दोन्ही चालतात. याला डायप्लेक्स म्हणतात. हाय आयलंडवर १९६० च्या दशकापासून हेच चालू आहे.

मला विचाराल तर मोठ्या शहरांत एएम टिकायचं असेल तर हाच मार्ग. पाच स्टेशनांचे पाच टॉवर पाडून एक चांगली जागा सगळ्यांनी मिळून राखायची. काही तोटे आहेत. दिशेची रचना बदलते, परवान्यातली रात्रीची शक्ती कमी होते, शहराच्या एका टोकाला आवाज विरळ होतो. शिवाय सगळी अंडी एका टोपलीत. लॉस एंजेलिसच्या केएफआय ६४० चा टॉवर डिसेंबर २००४ मध्ये विमान आदळून पडला, दोघं दगावले. नवा उभारताना २००८ मध्ये तोही कोसळला. एका टॉवरवर चार स्टेशनं असती तर चारही गेली असती.

दुसरा मार्ग पूर्ण डिजिटल एएमचा. एफसीसीने ऑक्टोबर २०२० मध्ये त्याला परवानगी दिली. लघुलहरींच्या जवळच, फ्रेडरिकला डब्ल्यूडब्ल्यूएफडी ८२० हे २०१८ पासून प्रयोग म्हणून तसं चालवत होते. मी गाडीत ऐकलं आहे. खरखर नाही, गाण्याचं नाव पडद्यावर येतं, आवाज एफएमच्या तोडीचा. अडचण एवढीच की साध्या रेडिओवर ते ऐकू येत नाही, आणि टॉवर अन् जमीन तेवढीच लागते.

पुढची_गाडी

पण गाडीतच एएम नसेल तर? विजेच्या गाड्यांच्या मोटारी आणि इन्व्हर्टर एएमच्या पट्ट्यात गोंगाट करतात, म्हणून टेस्ला, बीएमडब्ल्यू, व्होल्वो यांनी बऱ्याच विजेच्या गाड्यांतून एएम काढून टाकलं. फोर्डने २०२३ मध्ये नव्या गाड्यांतून काढायचं जाहीर केलं, आणि मे महिन्यात तो निर्णय मागे घेतला. त्याच महिन्यात सिनेटमध्ये एड मार्की आणि टेड क्रूझ या एरवी कधी एका बाजूला न दिसणाऱ्या दोघांनी 'प्रत्येक वाहनात एएम रेडिओ' असं विधेयक आणलं. अमेरिकी संसदेच्या त्या मुदतीत त्याचा कायदा झाला नाही, २०२५ मध्ये पुन्हा मांडलं.

माझा प्रश्न : कायद्याने गाडीत रेडिओ ठेवला आणि शहरातले टॉवर विकले गेले, तर त्या रेडिओवर ऐकायचं काय?

लघुलहरी

अगदी नेमकं. विधेयक गाडीच्या कारखान्यापर्यंत जातं, टॉवरच्या कुंपणाशी थांबतं.

हडपसर_गाडीतळ

पुण्याहून. तुम्ही सगळे अमेरिकेतलं लिहिताय, पण वाचताना मला आमचा 'आकाशवाणी' स्टॉप दिसत राहिला. सोलापूर रस्त्यावर हडपसरला बसचा थांबा आहे, त्याचं नावच आकाशवाणी. नव्या पोरांना वाटतं तिथे स्टुडिओ असेल. स्टुडिओ शिवाजीनगरला. हडपसरला पुणे केंद्राचं ७९२ किलोहर्ट्झचं प्रक्षेपण केंद्र, शंभर किलोवॅटचं. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं.

माझ्या वडिलांची शेती याच बाजूला होती. ते सांगायचे की तेव्हा टॉवर हीच खूण, लांबून येताना टॉवर दिसला की घर आलं. आता भोवती मगरपट्टा, आयटी, उंच इमारती. जमिनीचे भाव मी इथे लिहीत बसत नाही, पुणेकरांना माहीत आहेत.

आपल्याकडे फरक एवढाच की जमीन सरकारी, प्रसार भारतीची. विकायची घाई खासगी मालकाइतकी नाही. पण मध्यम लहरींऐवजी एफएमवर भर द्यायचं धोरण इथेही आहे, आणि कित्येक जागी डीआरएम पद्धतीचे डिजिटल ट्रान्समीटर बसवले आहेत. ते ऐकायला वेगळा रेडिओ लागतो. मारुती, ह्युंदाईच्या काही गाड्यांत तो असतो, घराघरांत नाही. मुंबईला अस्मिता वाहिनी ५५८ वर. '५३७.६ मीटर्स अर्थात ५५८ किलोहर्ट्झ' हे निवेदन ज्यांनी ऐकलंय त्यांना तो आकडा झोपेतही सांगता येईल.

तांबडी_तार, मला तुमचं गणित जमतंय का बघा. ७९२ म्हणजे लहर सुमारे ३७९ मीटर, चौथा भाग ९५ मीटर?

तांबडी_तार

पैकीच्या पैकी. आणि पुणे केंद्राच्या लहरी रात्री कोकणात, मराठवाड्यात, कर्नाटकाच्या सीमेवर ऐकू जातात त्याचं कारणही तिथेच आहे. दिवसा आयनांबराचा, म्हणजे वातावरणातल्या वरच्या विद्युतभारित पट्ट्याचा, सर्वांत खालचा थर मध्यम लहरी गिळतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, आणि लहरी वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटरवर उतरतात. एफएमला हे नाही. एफएम डोंगराला अडतं.

मला हडपसरबद्दल एक सांगावंसं वाटतं. सरकारी जमीन आहे म्हणून ती राहील असं गृहीत धरू नका. इकडच्या कंपन्यांनीही पन्नास वर्षं विकली नव्हती.

हडपसर_गाडीतळ

हे लक्षात ठेवीन. आमच्या प्रभागात विकास आराखड्याच्या हरकती-सूचना मागवल्या की बहुतेक वेळा रस्ता आणि नाला यांवरच लोक लिहितात. पुढच्या वेळी या जागेवर काय आरक्षण आहे ते मी बघणार आणि इथे येऊन सांगणार.

मोगरा_७२

मी एवढंच विचारलं होतं की गच्ची का पुरत नाही! बावीस वर्षांपासून अमेरिकेत आहे, पण रात्री दुसऱ्या राज्यातलं ऐकू येतं हे मला माहीतच नव्हतं. आता घरात रेडिओ आहे का हे शोधते.

लघुलहरी

मोगराताई, गाडीत शोधा. घरातल्या चार्जर आणि दिव्यांचा गोंगाट फार असतो. अंधार पडल्यावर मोकळ्या जागी गाडी उभी करा, इंजिन बंद ठेवा आणि आकडे हळूहळू फिरवा.

मी काल रात्री तेच केलं. जुन्या मैदानाच्या जागी आता नव्या वसाहतीचा रस्ता आहे, त्याच्या कडेला गाडी लावली. खिडक्यांतून दिवे दिसत होते, एका घरासमोर लहान मुलाची सायकल पडली होती. नवी_वीट, तुमची आठवण झाली. ती घरं मला पूर्वीइतकी परकी वाटली नाहीत.

साडेनऊला ८८० लागलं, त्यावर खेळाच्या गप्पा. ७०० वर सिनसिनाटीचं डब्ल्यूएलडब्ल्यू स्वच्छ. मग ७८० वर शिकागोचं डब्ल्यूबीबीएम आलं, गेलं, पुन्हा आलं, जसं विहिरीतून कुणी बोलावं तसं. मधेच इतकं स्पष्ट झालं की निवेदिका केनेडी एक्सप्रेसवेवर गाड्या मुंगीच्या पावलाने चालल्यात म्हणून सांगत होती ते शब्द न्‌ शब्द ऐकलं. कुठलाही वायफाय नाही, फोन नाही. सदूभाऊंच्या इटास्काच्या त्या टॉवरमधून निघून थेट माझ्या गाडीत. पूर्वीच्या तारांवर उभा राहून मी हे ऐकतोय असं वाटत राहिलं. तारा बहुधा कधीच उपसून नेल्या असतील.

शॉमबर्गचा_सदू

साडेनऊ तुमचे, म्हणजे आमचे साडेआठ? काल मी शहरातून परत येत होतो. लघुलहरी, त्या खोळंब्यात मी अडकलो होतो, केनेडीवरच. गाडीत ७८० लावलेलं होतं.